दोन डग्लस

एके काळी मुंबईतल्या मराठी प्रेक्षकाच्या तोंडी ‘डग्लस’ हे नाव दोन माणसांसाठी येत असे. एक हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स. दुसरा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून मुंबईला आलेला मास्टर विठ्ठल. पहिल्याचे चित्रपट आज साफसूफ करून, नवं संगीत देऊन कुणालाही पाहता येतात. दुसऱ्याचं बिरुद तेवढं उरलं आहे: हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स. त्या बिरुदाने विठ्ठलचा मान वाढला की त्याची अर्धी ओळख पुसली गेली? हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावतो आहे, आणि त्याचं कारण आमच्या घरात आहे. माझ्या आजोबांनी हे दोन्ही डग्लस पाहिले होते, आणि ते पाहिले होते ब्रह्माघाटाच्या नजरेने.

आधी पहिल्या डग्लसविषयी. फेअरबँक्स १८८३ साली डेन्व्हरला जन्मला, रंगभूमीवरून चित्रपटात आला आणि १९१९ मध्ये चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर त्याने युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. सुरुवातीला तो हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांचा नायक होता. १९२० च्या ‘मार्क ऑफ झोरो’ने त्याला तलवार दिली आणि मग ती सुटली नाही. ‘रॉबिन हूड’, ‘थीफ ऑफ बगदाद’, ‘ब्लॅक पायरेट’, ‘आयर्न मास्क’ अशी दहाएक वर्षं तो जगभरच्या पोरांचा देव होता. त्याच्यानंतर एरॉल फ्लिन आला, टायरॉन पॉवर आला; तलवारी चांगल्या चालवल्या त्यांनी. पण फेअरबँक्स भिंतीवर चढतो तेव्हा भिंतीलाच ते आवडत असावं असं वाटतं, ते पुढे कुणाला जमलं नाही. यामागे मेहनत होती आणि चलाखीही. सेट उभारताना मेज, कठडे, खिडक्या त्याच्या हातापायांच्या पल्ल्याच्या मापाने बेतलेल्या असत. ‘रॉबिन हूड’मध्ये तो प्रचंड पडद्यावरून घसरत खाली येतो, त्या पडद्यामागे घसरगुंडी होती. ‘थीफ ऑफ बगदाद’मध्ये तो मोठमोठ्या रांजणांतून टुणटुण उड्या मारत जातो, त्या रांजणांत उसळी देणाऱ्या जाळ्या होत्या. हे कळल्यावरही मजा कमी होत नाही. उसळी देणारी जाळी मिळाली म्हणून कुणीही तसा उडत नाही.

हिंदुस्थानात ‘थीफ ऑफ बगदाद’चं काय झालं याची नोंद सरकारी कागदांत आहे. १९२७ साली दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली. तेव्हा आपल्याकडे दाखवले जाणारे बहुतेक चित्रपट परदेशी, त्यातही अमेरिकन असत आणि गोऱ्या नटनट्यांची ती चुंबनं पाहून नेटिव लोकांच्या मनातला साहेबाचा दरारा उतरेल ही काळजी पुष्कळांना होती. समितीने शहरोशहरी साक्षी घेतल्या. त्यातून पुढे आलं ते असं, की देशात सर्वांत लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणजे फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’. त्यात साहेब कुठेच नव्हता. उघड्या पाठीचा, ढगळ सलवारीतला एक चोर होता, खलिफाची मुलगी होती, उडता गालिचा होता. हॉलिवूडने हजारो मैलांवर बसून रचलेलं पूर्वेचं ते स्वप्न पूर्वेच्या लोकांनीच डोक्यावर घेतलं. यात पुढचे अभ्यासक बरंच काही शोधतात, आणि शोधावं. पण तेव्हा चार आण्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला तो चोर आपल्यातला वाटला, हेही त्यात धरलं पाहिजे.

माझे आजोबा त्या बाकावर होते. काशीहून तेरा-चौदा वर्षांचे असताना त्यांना मुंबईला गिरगावात मामांकडे शिकायला पाठवलं होतं. शिक्षण यथातथा झालं. चित्रपट मात्र भरपूर झाले. पुढे ते काशीला परतले आणि जन्मभर इथेच राहिले. त्यांची मराठी अर्धी बनारसी होती, आणि सिनेमातली मारामारी सांगताना ती पुरती बनारसी होई.

इथे ब्रह्माघाटाविषयी थोडं सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला काशीतली मराठी वस्ती म्हणजे वेदपाठशाळा आणि श्राद्धकर्म एवढंच आठवतं. पंचगंगेकडून उत्तरेला निघालं की दुर्गाघाट लागतो आणि त्याला लागून ब्रह्माघाट. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी हे घाट बांधून घेतले. त्यांच्या मागोमाग शास्त्री, भिक्षुक, सावकार, आश्रित अशी मंडळी येत राहिली. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर दुसरे बाजीराव बिठूरला गेले. अमृतराव पेशवे त्याच्या आधीच काशीत येऊन राहिले होते. या येणाऱ्यांबरोबर तालीमही आली. बाळंभटदादा देवधर हे बाजीरावाच्या पदरचे मल्ल आणि मल्लखांबाचे आद्य गुरू. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान त्यांनी पेललं, आणि लाकडाच्या खांबावरचे डाव त्यांना सप्तशृंगीला मारुतीकृपेने सुचले, ही कथा तालमीत प्रत्येक पोराला ऐकावी लागते. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा घातला, असं मल्लविद्येच्या परंपरेत सांगतात. बनारसला आखाड्यांची वाण नव्हती. जोडी आणि गदा इथली, नागपंचमीचा थाट इथला. त्यात मराठी पोरांनी खांब आणि दोरी आणली.

आजोबा अशा तालमीत वाढलेले. त्यामुळे त्यांनी फेअरबँक्स पाहिला तो नट म्हणून नव्हे. ‘थीफ ऑफ बगदाद’मध्ये चोर एका जादूगाराची मंतरलेली दोरी लांबवतो आणि तिच्यावरून वाड्याची भिंत चढतो. हा प्रसंग सांगताना आजोबा जागचे उठत. “अरे, पकड बघ त्याची, पकड!” मग आक्षेप येई. दोरी जादूची, म्हणून ती ताठ उभी राहते. तर मग तो दोरीचा मल्लखांब कसला, पुरलेला खांबच झाला तो. टांगत्या दोरीला अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून वर जाणं निराळं. हे सगळं बोलून झाल्यावर ते शेवटी फेअरबँक्सला पास करत. चाळिशीच्या माणसाची ती पाठ आणि ते खांदे पाहून कुठलाही वस्ताद मान हलवील, असं त्यांचं मत होतं. मी तो चित्रपट पाहिला तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोरी खरंच ताठ उभी राहते.

मला वाटतं, मास्टर विठ्ठल समजायचा तर हीच नजर हवी. त्याचा प्रवास थोडक्यात असा: बालपणी राजापूरकर नाटक मंडळीत, मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली महाराष्ट्र फिल्म कंपनीत, जिथे तो संकलनाच्या कामातही होता आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त नर्तिका म्हणून पडद्यावर आला. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्याला नायक केलं. १९२६ च्या ‘रत्नमंजरी’पासून तो साहसपटांचा राजा झाला. घोडा, तलवार, गवाक्षातून उडी, शेवटी राजकन्या. साचा फेअरबँक्सचा होता, यात वाद नाही. पण त्या काळचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी तालमींना दिलेला आश्रय, १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग मैदान आणि कुस्तीवर जीव टाकणारी जनता. मुंबईच्या गिरणगावात त्याचे चित्रपट पाहणारा प्रेक्षकही गावची तालीम सोडून आलेला. अशा माणसाला उडी खरी की खोटी ते लगेच कळतं. त्याने विठ्ठलला स्वीकारलं ते विलायती नटाची नक्कल बरी करतो म्हणून नव्हे, तर तालमीत ज्याला अंग म्हणतात ते त्याच्याकडे दिसलं म्हणून. जाहिरातदारांना हे छापायला सोपा शब्द हवा होता, तो डग्लसच्या नावात मिळाला.

मग आवाज आला आणि दोघांनाही एकाच वेळी गाठलं. फेअरबँक्सने १९२९ मध्ये मेरी पिकफर्डबरोबर ‘टेमिंग ऑफ द श्रू’ केला. पुढे आणखी काही बोलपट केले आणि १९३४ च्या ‘प्रायव्हेट लाइफ ऑफ डॉन जुआन’नंतर थांबला. त्याचा आवाज वाईट नव्हता. पण ज्याचं सगळं बोलणं अंगाने व्हायचं, त्याला माइकच्या टप्प्यात उभं राहून बोलायला लावलं की अर्धा माणूस संपतो. १९३९ च्या डिसेंबरात तो गेला.

विठ्ठलची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. आर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’साठी त्याला नायक घेतलं. तो आधीच्या कंपनीचा करार मोडून गेला, प्रकरण कोर्टात गेलं आणि विठ्ठलच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकला. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकमध्ये हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला, तिकिटांचा काळाबाजार झाला, पोलीस बोलवावे लागले. आणि एवढं करून पहिल्या बोलपटाचा नायक पडद्यावर फारसा बोललाच नाही. त्याचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्याची भूमिका बरीचशी गुंगीत असलेल्या माणसाची केली गेली. आजोबांनी ‘आलम आरा’ पाहिला होता. त्यातली गाणी त्यांना आवडली, विठ्ठलविषयी ते एकच बोलत: “बांधून ठेवलं रे त्याला.”

यानंतर विठ्ठलने दिग्दर्शनही केलं. शाहू मोडकांची दुहेरी भूमिका असलेला १९३३ चा ‘आवारा शहजादा’ त्याचा. १९३९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये तो होता. मराठी बोलपटात, मावळ्यांच्या पोशाखात, त्याच्या अंगाला पुन्हा थोडी जागा मिळाली. पुढची वर्षं लहानसहान भूमिकांत गेली आणि १९६९ मध्ये तो वारला.

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले. पूर्ण वा अर्धवट टिकले ते दोन-तीन डझन. नायट्रेटची फिल्म पेट घेई, गोदामात सडे आणि पैशांची नड लागली की तिच्यातली चांदी काढायला विकली जाई. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर बहुतेक सगळं संपलं होतं. ‘आलम आरा’चीही प्रत नाही. साहसी मूकपट कसे असत हे पाहायचं तर जी. पी. पवारांचा ललिता पवार असलेला १९३१ चा ‘दिलेर जिगर’ बचावला आहे. त्यातले नायक-नायिका रस्त्यावर कसरती करून पोट भरतात, आणि त्या कसरती पाहताना डोळ्यांपुढे फेअरबँक्स येतो तसा डोंबाऱ्याचा खेळही येतो. विठ्ठलचा एकही मूकपट मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आजोबांच्या सांगण्यातले दोन्ही डग्लस पुढे एकमेकांत मिसळले होते. ते गेल्यावर मी फेअरबँक्सचे चित्रपट एकेक करून पाहिले आणि प्रसंग वेगळे काढत गेलो. रांजणं त्याची, दोरी त्याची. जहाजाच्या शिडात सुरा खुपसून ते फाडत खाली येणं ‘ब्लॅक पायरेट’मधलं. एक प्रसंग उरला. नायक धावत्या घोड्यावर उभा राहतो, वरून लोंबणाऱ्या वडाच्या पारंब्या दोन्ही हातांनी पकडतो, घोडा खालून निघून जातो, आणि तो उलटा होऊन पाय वर नेत पारंबीला आढी मारतो. खालून पाठलाग करणारे शिपाई तसेच पुढे जातात. आजोबा हा डाव हाताने करून दाखवत आणि त्याला मल्लखांबातलं नाव देत. फेअरबँक्सच्या कुठल्याही चित्रपटात मला तो सापडला नाही. त्याच्या कॅलिफोर्नियात वडाच्या पारंब्या कुठून येणार?