फिल्टर सुई

फिल्टर सुई ही इंजेक्शनचे औषध तयार करताना त्यातील काचेचे कण, रबराचे तुकडे व न विरघळलेले घन कण अडवणारी सुई आहे. तिच्या प्लॅस्टिकच्या बुडाशी सूक्ष्म छिद्रांची गाळणी बसवलेली असते. औषध सिरिंजमध्ये ओढून घेताना किंवा सलाईनच्या पिशवीत सोडताना ती वापरतात. रुग्णाच्या शरीरात टोचण्यासाठी ती नसते.

रचना

गाळणीची छिद्रे बहुधा ५ मायक्रॉनची असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची असते. जिवाणू अडवण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी लागते. त्यामुळे फिल्टर सुईने औषध निर्जंतुक होत नाही.

गरज

इंजेक्शनसाठी काचेची बंद कुपी, म्हणजे ॲम्प्यूल, फ्रेंच औषधनिर्माते स्तानिस्लास लिमुझां यांनी १८८६ मध्ये प्रचारात आणली. तिची मान मोडताना काचेचे बारीक कण आतील औषधात पडतात व त्यांतील बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकी औषधसंहितेनुसार १०० मिलिलिटरपर्यंतच्या इंजेक्शनच्या एका कुपीत १० मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६,००० पेक्षा आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६०० पेक्षा जास्त असू नयेत. मात्र ही तपासणी उत्पादनाच्या टप्प्यावर होते. रुग्णाजवळ कुपी फोडताना पडणारी काच तिच्या कक्षेत येत नाही.

शिरेतून गेलेले कण रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या भागात व तेथून फुप्फुसांत पोहोचतात आणि तेथील केशवाहिन्यांत अडकू शकतात. शिरेला सूज येणे व कणाभोवती गाठ तयार होणे हे त्याचे संभाव्य परिणाम होत. माणसांवरील प्रत्यक्ष हानीचा पुरावा मर्यादित असला, तरी धोका सहज टाळता येण्याजोगा असल्याने ही खबरदारी घेण्याची शिफारस केली जाते.

वापरण्याची पद्धत

१. ॲम्प्यूलच्या मानेतील औषध टिचकी मारून खाली आणतात व मान स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात.
२. मानेभोवती गॉझ धरून ती स्वतःपासून दूर मोडतात.
३. सिरिंजला फिल्टर सुई लावून औषध सावकाश ओढतात.
४. फिल्टर सुई काढून टाकतात व नवी साधी सुई लावूनच औषध पुढे देतात.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. सुई न बदलता औषध उलट ढकलल्यास गाळणीत अडकलेले कण औषधाबरोबर बाहेर पडतात व गाळण्याचा हेतूच नष्ट होतो. गाळणीतून औषध एकाच दिशेने जावे, हा मूळ नियम आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) या आजाराचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले. त्यावरील ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा निर्माण झाला आणि मे २०२१ मध्ये वर्धा येथेही त्याच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू करण्यात आले.

या औषधाच्या लिपिड कॉम्प्लेक्स प्रकारात गाळण्याचा क्रम ॲम्प्यूलच्या उलट असतो. औषध कुपीतून साध्या सुईने ओढतात. मग ५ मायक्रॉनची फिल्टर सुई लावून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या पिशवीत सोडतात. लायपोसोमल प्रकारही ५ मायक्रॉनच्या गाळणीतूनच डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. क्रम उलटला तरी गाळणीतून औषध एकदाच व एकाच दिशेने जाते. सोडियम क्लोराइडच्या सलाईनमध्ये ही औषधे मिसळत नाहीत.

मर्यादा

इमल्शन किंवा निलंबित कण असलेली औषधे गाळणीत अडकू शकतात. उदाहरणार्थ, प्रोपोफोल या भूल देण्याच्या औषधासाठी ५ मायक्रॉनपेक्षा बारीक गाळणी वापरत नाहीत. गाळणीत औषध अडकल्यास रुग्णाला कमी मात्रा मिळते. एकाच औषधाच्या निरनिराळ्या प्रकारांचे नियमही वेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक वेळी उत्पादकाचे माहितीपत्रक पाहणे आवश्यक असते.