ब्राउझरच्या विनामूल्य पुरवण्या : निवडीच्या इतिहासाचे एक टिपण

नवा नोटबुक संगणक हाती आला म्हणजे त्यावरील ब्राउझरला कोणती विनामूल्य साधने जोडावीत, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वा आवडीचा वाटतो. परंतु गेल्या पाव शतकाचा वृत्तान्त ध्यानी घेतला असता त्याच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न दडलेला आढळतो. साधन काय करते, याइतकेच ते कोणाच्या हाती आहे आणि उद्या कोणाच्या हाती जाईल, हेही पाहावे लागते.

मराठी भाषकास येथे भाषेचेच थोडे साहाय्य होते. इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द मूल्य न घेणे आणि मोकळीक असणे हे दोन्ही अर्थ वाहतो. त्यामुळे तेथे हा भेद दर वेळी फोड करून सांगावा लागतो. मराठीत ‘फुकट’, फारसीमार्गे आलेला ‘मोफत’ आणि संस्कृत ‘मुक्त’ असे तीन शब्द आपापली जागा धरून आहेत, व त्यांपैकी पहिल्यात किंचित अनादरही मिसळलेला आहे. फुकट मिळणारी पुरवणी मुक्त असतेच असे नाही. आणि मुक्त असलेली पुरवणीही विश्वासार्ह राहतेच असे नाही, हे पुढील एका उदाहरणावरून दिसेल.

ब्राउझरला बाहेरच्यांनी जोड द्यावी ही कल्पना १९९७ मधील इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत आढळते. तथापि तिला खरा बहर आला तो ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्समुळे. भारतीय भाषांच्या दृष्टीने या काळातील ‘पद्म’ नावाची पुरवणी विशेष उल्लेखनीय होय. १९९१ च्या पहिल्याच युनिकोड प्रमाणात देवनागरीला स्थान मिळालेले असूनही पुढे अनेक वर्षे भारतीय भाषांतील कित्येक संकेतस्थळे आपापला खास टंक वापरीत. तो टंक संगणकावर नसेल तर वाचकापुढे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग उभा राही. ‘पद्म’ त्या ढिगाचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या रचनेच्या पुरवण्या तीत चालेनाशा झाल्या. ज्यांचे नव्या रचनेत पुनर्लेखन झाले नाही, त्या काळाआड गेल्या.

दरम्यान, सारे काम ब्राउझरमध्येच व्हावे अशा हेतूने घडविलेला क्रोमबुक हा नोटबुक संगणक जून २०११ मध्ये विक्रीस आला. एसर आणि सॅमसंग यांच्या त्या पहिल्या यंत्रांत स्मृती केवळ २ जीबी होती. त्यांच्यासाठी साधने पुरविणारे क्रोम वेब स्टोअर डिसेंबर २०१० मध्येच उघडले होते. तेथील ‘ॲप’ म्हणविल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू म्हणजे एखाद्या संकेतस्थळाकडे नेणारे नुसते चित्र असे. ऑगस्ट २०१६ मध्ये गूगलने विंडोज, मॅक व लिनक्स यांवरील क्रोम ॲप बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुरवण्या मात्र टिकल्या.

स्मृतीच्या याच तुटवड्यातून ‘ग्रेट सस्पेंडर’ ही पुरवणी लोकप्रिय झाली. उघडी पण न वापरलेली पाने निजवून ती स्मृती मोकळी करी. तिची संहिता सर्वांस खुली होती आणि वापरकर्ते वीस लाखांवर गेले होते. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ती एका अज्ञात पक्षास विकली. त्यानंतर स्टोअरमधून जी आवृत्ती आपोआप घरोघर पोहोचली, तिच्यात खुल्या संहितेत नसलेला भाग होता, आणि तो बाहेरून आज्ञा आणवून चालवू शके. वापरकर्त्याने काहीच नवे निवडले नव्हते. त्याने पूर्वी केलेली निवडच त्याच्या नकळत बदलली गेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ती घातक ठरवून बंद केली, तेव्हा निजविलेली पानेही दिसेनाशी झाली. मूळ पत्ता त्या पानांच्या लांबलचक पत्त्यातच दडलेला असल्याने जाणकारांनी तो हाताने सोडवून घेतला. इतरांची पाने गेली ती गेलीच. पाने निजविण्याची हीच सोय पुढे डिसेंबर २०२२ मध्ये क्रोममध्येच आली.

‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे’ अशा आशयाची जी अनुज्ञा पुरवणी बसविताना मागितली जाते, तिचा अर्थ या प्रकरणाने स्पष्ट झाला. हे अधिकार आवरावेत म्हणून क्रोमने ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ ही नवी नियमावली आणली. तीनुसार पुरवणीने प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडविण्याऐवजी नियमांची यादी आधी ब्राउझरच्या स्वाधीन करावयाची असते. तिची झळ जाहिराती रोखणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ या मुक्त पुरवणीस बसली. २०२४ पासून क्रोममध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद पडत गेली व तिच्या जागी मर्यादित सामर्थ्याची ‘लाइट’ आवृत्ती उरली. फायरफॉक्सने मात्र जुनी पद्धत चालू ठेवली. सुरक्षिततेचे कारण खोटे नव्हे. पण जाहिरातींवर ज्याचे उत्पन्न चालते त्यानेच हे नियम घालावेत, हा योगायोग टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही.

मराठी लेखनापुरते पाहावयाचे तर लिप्यंतर करणारी पुरवणी कळफलकावरील प्रत्येक अक्षर वाचल्यावाचून काम करूच शकत नाही. विंडोजवर चालणाऱ्या नोटबुकात इन्स्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहे, आणि २०१९ पासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही आहे. त्यामुळे अशी पुरवणी तेथे मुळात बसवावीच लागत नाही.