बडग्या, बांकाबाई आणि आमचा नववीचा वर्ग

२०२५ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून नातवाचा फोन आला. त्याने मोबाईलवर आमच्या नागपूरच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाहिला होता. "आजोबा, ते लोक ट्रम्पचा पुतळा घेऊन का नाचतायत?" मी म्हटलं, "अरे, तो बडग्या. त्याने आपल्या मालावर जकात वाढवली ना, म्हणून यंदा त्याचा नंबर." "आणि ती मोठी काळी बाई कोण?" आता हे काही फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. नंतर लिहून पाठवतो म्हटलं, आणि लिहायला बसलो तर भलतंच आठवत गेलं. म्हणून आता सगळ्यांसाठीच इथे टाकतोय.

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची. बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांच्या या थोरल्या बायका इतवारी-महालातून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्यांत निघतात आणि शेवटी त्यांचं दहन होतं. त्यांच्यासोबत असतात ते बडगे. मारबती वर्षानुवर्षं त्याच, बडगे मात्र दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, दहशतवाद, कधी एखादा पुढारी. गळ्यात फलक, फलकावर बोचरा मजकूर. वर्तमानपत्रात जे छापायला संपादक कचरेल ते इथे हातभर अक्षरांत रस्त्यावरून फिरतं. आमच्या गावाला मस्करीचं तसं वावडं कधीच नव्हतं. भोसल्यांच्या वाड्यात पितृपक्षात बसणाऱ्या गणपतीचं नावच मुळी मस्कऱ्या गणपती!

आम्ही महालातली पोट्टी. वर्षभर शाळेत जे शिकायचो ते एकीकडे आणि त्या एका दिवशी रस्त्यावर जे शिकायचो ते एकीकडे. साल १९६४, मी नववीत होतो. त्या वर्षी वर्गाने ठरवलं की शाळेतही एक बडग्या करायचा. (शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.) कोणाचा करायचा यावर मधल्या सुट्टीत चर्चा झाली. पहिलं नाव आलं ते एका छडीवाल्या सरांचं. हे सर मारायचे, आणि शिकवणी लावणाऱ्यांना कमी मारायचे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. व्यंगाचा विषय म्हणाल तर अगदी तयार. पण दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोणीतरी चित्रकलेच्या सरांचं नाव घेतलं आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

चित्रकलेचे सर बोलताना अडखळायचे. त्यांच्याकडे एकच कोट होता, राखाडी, कोपरांवर विरलेला. उन्हाळा असो की पावसाळा, तो अंगात असायचाच. झालं! घरून जुनं गोणपाट आणलं, कामट्या आणल्या, कोट शिवला. फलक मी लिहिला, कारण वर्गात माझं अक्षर चांगलं होतं. 'एकच कोट, महिने बारा.' शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाला तो बडग्या टांगला आणि आम्ही लांब उभं राहून हसत होतो.

सर आले. थांबले. फलक वाचला. मग जवळ गेले आणि म्हणाले, "का... कामट्या सैल बांधल्यात रे. वारा आला की प... पडेल." त्यांनी स्वतःच्या हातांनी सुतळी आवळली, गाठ मारली आणि वर्गावर गेले. त्यानंतर तो कोट आम्हाला कधीच दिसला नाही. डिसेंबरात नागपूरची सकाळ कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. सर नुसत्या शर्टावर यायचे.

त्या वेळी यात काही चुकलं असं फारसं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? ते वाटलं पुष्कळ पुढे, मी स्वतः मास्तर झाल्यावर, आणि तेही बांकाबाईंमुळे.

काळी मारबत म्हणजे बांकाबाई, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भोसल्यांच्या घराण्यातली, इंग्रजांना मिळालेली बाई. तिचा निषेध म्हणून हा पुतळा. दुसऱ्या रघूजींची ही राणी. १८१७ ची सीताबर्डीची लढाई हरली, पुढच्या वर्षी अप्पासाहेबांची गादी गेली, तेव्हा लहान मुलाला तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवलं आणि कारभार हिच्या नावाने सुरू झाला. खरी सत्ता अर्थात रेसिडेंट जेंकिन्सची. १८५७ मध्ये नागपुरात घोडदळाचा उठाव व्हायचा होता तो फसला, आणि म्हाताऱ्या बांकाबाईंनी आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, हेही खरं. तेवढ्यापुरता लोकांचा राग समजतो.

पण मधली गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. राज्य गेलं ते गेलंच, राजवाड्यातली चीजवस्तूही गेली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोलाने विकले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवलं. सत्तावनच्या उठावाचा इतिहास लिहिणारा जॉन के हा इंग्रजच, पण त्याने हे सगळं नोंदवलंय. आणि त्यातच हेही आहे की वाड्यातलं सामान हलवलंत तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी देणारी बाई बांकाबाईच होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. वाडा पेटवायला निघालेली म्हातारी, तिलाच आम्ही दरवर्षी पेटवतो! बरं, बांकाबाई वारल्या त्या १८५८ मध्ये. पहिली काळी मारबत निघाली ती २३ वर्षांनी. म्हणजे ज्या बाईला उत्तर देता येणार नाही तिची धिंड. डलहौसीची मारबत का नाही निघाली? उत्तर सोपं आहे. १८८१ च्या नागपुरात इंग्रज साहेबाचा पुतळा करून मिरवला असता तर मिरवणारा घरी परतला नसता. आमच्या छडीवाल्या सरांचा बडग्या का झाला नाही? त्याच कारणाने. राग खरा होता, फक्त जिथे झेपला तिथे उतरला.

आता कोणी म्हणेल, मास्तर, बांकाबाईच्या आडून लोक इंग्रजांनाच शिव्या देत होते, आणि ते सगळ्यांना कळत होतं. हे मलाही पटतं. गुलामीत व्यंगाला बुरखा लागतोच. पण बुरख्याला चेहरा कोणाचा दिला, हे पाहावं की नाही?

व्यंगाची दुसरी रीतही याच गावात जन्माला आली, हे मी मुलांना मुद्दाम सांगायचो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ चा, नागपूरचा. पहिली काळी मारबत निघाली तेव्हा ते दहा वर्षांचे असतील. त्यांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त सणवार, रूढी, भोंदूपणा, सगळ्यांची खिल्ली आहे, पण ती उडवणारा सुदामा आणि त्याचे बंडूनाना, पांडूतात्या हे स्वतःच त्या खुळ्या जगातले. हसणारा बाजूला उभा नाही. वर्गात हे शिकवताना पोरं हसायची आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की हे तर आपल्याच घरातलं चाललंय.

एकदा नववीच्याच वर्गाने मला विचारलं, "सर, बडग्या करू?" मी म्हटलं, करा, फक्त ज्याचा कराल त्याच्या समोर उभं राहून फलक वाचायचा. बराच वेळ कुजबूज चालली. शेवटी त्यांनी केला तो कॉपीबहाद्दराचा. कागदाच्या चिठ्ठ्यांचाच सदरा, आणि खिशातून डोकावणारी गाईड! फलक वाचायला जो पुढे आला तो स्वतःच मागच्या चाचणीत चिठ्ठीसकट सापडलेला. सगळा वर्ग हसला, तोही हसला. हसणं तेच, पण कडुनिंबाखालचं वाटलं नाही.

चित्रकलेचे सर मला पुन्हा भेटले नाहीत. एकदा त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन चौकशी केली, तर घर सोडून बरीच वर्षं झाली होती.

हे सगळं नातवाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आता तुम्ही मिरवणूक बघायला जात नाही का?" जातो की. गुडघे दुखतात म्हणून सावलीत कोणाच्या तरी ओट्यावर बसून बघतो. बडग्यांचे फलक चष्मा पुसून वाचतो, शुद्धलेखनाच्या चुका मनातल्या मनात सुधारतो. काळी मारबत समोरून गेली की भोवतीचे सगळे ओरडतात आणि माझ्याही तोंडून आरोळी निघते. साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे, बाप्पा.