पाद्र्याचं नासकं अंडं

काही बरी, काही वाईट अशा गोष्टीला इंग्रजीत ‘क्युरेट्स एग’ म्हणतात. क्युरेट म्हणजे चर्चमधला कनिष्ठ पाद्री. ९ नोव्हेंबर १८९५ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात जॉर्ज द्यु मोरिए यांचं एक व्यंगचित्र आलं होतं. बिशपसाहेबांकडे न्याहारीला आलेल्या क्युरेटच्या वाट्याला नासकं अंडं येतं. साहेबांच्या ते लक्षात येतं, तर हा म्हणतो, छे छे, याचा काही भाग अगदी उत्तम आहे!

नासलेलं अंडं थोडं थोडं चांगलं कसं असेल? विनोद तोच होता. पुढे वाक्प्रचारातून तो खोचकपणा गेला.

हा क्युरेट मला दवाखान्यात नेहमी भेटतो. “गोळ्यांनी बरं वाटलं ना?” विचारलं, की डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून मान डोलावतो. गोळ्यांनी उलट्या झाल्या, हे निघताना दाराशी बायको सांगते.

त्याच्या अंड्याला निदान वास तरी आला असेल. साल्मोनेला जंतू असलेलं अंडं मात्र ताजंच दिसतं. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी, देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात हा जंतू शिरलाय, असं जाहीर सांगितलं. विधान अतिरंजित होतं, धोका खरा होता. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांचं मंत्रिपद गेलं. कोंबड्यांना लस देण्याची मोहीम तिथे नंतर आली.

घरी अंडं उकडताना पिवळा बलकही घट्ट होऊ द्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांसाठी तर नक्कीच.