परतलेला बोझिक

हंगेरीच्या १९५० च्या दशकातील 'सुवर्णसंघा'चा विषय निघाला की पहिले नाव फेरेन्त्स पुश्काशचे येते, आणि ते स्वाभाविकही आहे. गोल करणाऱ्याचे नाव नोंदवहीत जाते. तो गोल ज्या पासमधून जन्मला, त्याची नोंद बहुधा प्रेक्षकांच्या स्मरणावर सोपवलेली असते. मधल्या फळीत खेळलेल्या योझेफ बोझिकविषयी लिहिताना ही पहिली अडचण. दुसरी अधिक गहन आहे. १९५६ नंतर पुश्काश देशाबाहेर राहिला, बोझिक मायदेशी परतला. आणि देश सोडण्याची जशी कथा होते, तशी परतण्याची होत नाही.

बोझिकचा जन्म १९२५ चा, बुडापेस्टलगतच्या किश्पेश्त या कामगारवस्तीतला. पुश्काश हा त्याचा शेजारी आणि बालमित्र. दोघेही किश्पेश्तच्याच क्लबात वाढले. १९४९ च्या अखेरीस हा क्लब लष्कराच्या ताब्यात गेला, त्याचे 'होनवेद' असे नामकरण झाले आणि राष्ट्रीय संघाचा तो कणा ठरला. बोझिकने मात्र क्लब कधीच बदलला नाही. १९४३ ते १९६२ अशी त्याची सारी कारकीर्द या एकाच मैदानाशी बांधलेली आहे.

तो वेगवान नव्हता, पण त्याची नजर वेगवान होती. त्याचा जोडीदार झकारियाश बचावाकडे लक्ष देई आणि बोझिक खेळाची मांडणी करी. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे नमवले. आघाडीचा हिदेगकुती मुद्दाम मागे सरकून खेळत होता. त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे, हे इंग्लंडच्या बचावफळीला अखेरपर्यंत उमगले नाही. ही युक्ती फळाला येण्यासाठी मोकळ्या झालेल्या जागेत अचूक चेंडू पोहोचवणारा कोणीतरी हवा होता. तो बोझिक होता. त्या दिवशी एक गोल त्याच्या नावावर लागला. दुसरा त्याच्या फ्री किकवर, पुश्काशच्या पायाला लागून चेंडूची दिशा बदलल्याने झाला.

या खेळाडूची दुसरी ओळखही नजरेआड करता येत नाही. एकपक्षीय राजवटीच्या संसदेचा तो सदस्य होता. १९५४ च्या विश्वचषकात बर्न येथे ब्राझीलविरुद्धच्या कुप्रसिद्ध सामन्यात निल्तोन सान्तोसशी हातघाईवर येऊन तो मैदानाबाहेर काढला गेला, आणि तरीही उपांत्य सामन्यात खेळला. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवले. १९५० च्या मे महिन्यानंतरचा हंगेरीचा तो पहिला पराभव.

१९५६ च्या उठावानंतर सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, त्या सुमारास होनवेद युरोपियन चषकासाठी परदेशी गेला. बिल्बाओविरुद्धचा परतीचा सामना मायदेशाऐवजी ब्रुसेल्समध्ये खेळावा लागला. पुढे पुश्काश माद्रिदला, तर कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाला स्थिरावले. बोझिक परतला.

त्याचे परतणे ही राजवटीशी निष्ठा, असे म्हणणे सोपे आहे. ती निव्वळ मातृभूमीची ओढ होती, असे म्हणणेही तितकेच सोपे. संसदेतील आसन आणि किश्पेश्तचे मैदान या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, आणि त्यांतली एक वगळून दुसरी वाचता येत नाही. इतके मात्र निश्चित, की फुटलेल्या संघात तो आणखी पाच वर्षे खेळला. १९६२ मध्ये थांबला तेव्हा त्याच्या खात्यावर १०१ आंतरराष्ट्रीय सामने होते. हा हंगेरियन उच्चांक पन्नासहून अधिक वर्षे टिकला.

१९७४ मध्ये तो अल्पकाळ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता; प्रकृतीने साथ दिली नाही. १९७८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुश्काशने पुन्हा हंगेरीत पाऊल ठेवले ते १९८१ मध्ये. आज बुडापेस्टमधील राष्ट्रीय स्टेडियमला पुश्काशचे नाव आहे, आणि किश्पेश्तच्या मैदानाला बोझिकचे.