पथकामागची समिती

कवायतीच्या मैदानावर पाहुण्यांची दृष्टी संचलन करणाऱ्या मुलांवर खिळते, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या मुलांच्या गणवेशाची, तंबूंची, प्रवासाची आणि शिबिरातील शिध्याची तजवीज ज्यांनी केलेली असते, ती मंडळी मंडपाच्या मागील बाजूस उभी असतात. आपल्या देशातील युवक-पथकांच्या इतिहासात त्यांचा निर्देश क्वचितच होतो. त्या इतिहासाचा एक धागा पुण्यातून निघून उत्तर हिंदुस्थानात पोहोचला. म्हणून बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस तो विशेष जवळचा वाटावा.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. १९०९ मध्ये हृदयनाथ कुंझरू हा काश्मिरी पंडित कुळातील तरुण या समाजात दाखल झाला. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यासाठी समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठविले. त्याचे नेतृत्व कुंझरूंकडे होते व वैद्यकीय बाजू डॉ. देव सांभाळीत होते. गांधीजींची फिनिक्स मंडळीही साह्यास गेली. डॉ. देवांनी शौचासाठी खणविलेल्या खड्ड्यांतील मैला मातीने झाकण्याचे काम या मंडळींनी आपण होऊन मागून घेतले. ज्या गोखल्यांनी समाज स्थापिला, ते त्याच वर्षी १९ फेब्रुवारीस निवर्तले होते. त्यांची शिकवण मात्र अशी कामास लागली होती.

सरकारमान्य बालवीर चळवळीची दारे प्रारंभी हिंदी मुलांना बंद होती. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ मध्ये अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. सरकारचा आधार नसता ती तगली, ती नागरिकांच्या वर्गणीवर आणि वेळेच्या दानावर. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी ही संघटना व अन्य बालवीर संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली.

१९४६ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपदही कुंझरूंकडेच आले. तिच्या अहवालातून १९४८ चा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १५ जुलैस छात्रसेना सुरू झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. प्रवेश ऐच्छिक ठेवला गेला आणि सैन्यातील नोकरीचे बंधन छात्रांवर घातले गेले नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस हे शिक्षण सक्तीचे झाले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक करण्यात आले. आकड्यांची वाढ आज्ञेने साधते; हौस व निष्ठा आज्ञेने निर्माण होत नाहीत, असा बोध या पाच वर्षांतून घेता येतो.

हीच गोष्ट मुलांमागे उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही लागू पडते. छात्रसेनेचा मुख्य भार सरकार उचलते. बालवीर-वीरबाला पथकांना मात्र पालकांच्या व हितचिंतकांच्या समितीवाचून चालत नाही. शिकविणे हे पथकनायकाचे काम. जागा मिळविणे, पैशाचा चोख हिशेब ठेवणे, ज्याची ऐपत नाही अशा मुलाचा गणवेश गाजावाजा न करता पुरविणे, हे समितीचे. शिक्षणात ढवळाढवळ न करता शिक्षकाची चिंता हलकी करणे, यातच तिचे शहाणपण आहे.

परमुलखात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे नेहमी एक प्रश्न असतो : गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू यांत आपण आपसांत रमतो, ज्या गावाने आपल्याला अन्न दिले त्याच्याशी आपले नाते कोणते? गावातील पथकाच्या समितीवर बसणे हे त्याचे एक साधे उत्तर होय. तेथे आपला मुलगा शेजाऱ्याच्या मुलाबरोबर एकाच रांगेत उभा राहतो आणि आपण शेजाऱ्याबरोबर एकाच हिशेबाच्या वहीवर सही करतो. पुण्याच्या संस्थेत अलाहाबादचे कुंझरू १९३६ पासून १९७८ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष राहिले. त्यांना तेथे कोणी परका मानले नाही. त्या ऋणाची अल्पशी फेड, आपण जेथे असू तेथे, आपल्यालाही करता येईल.