बुरशीवरच्या गोळीची कुळकथा

सोनिवलीसारख्या भातशेतीच्या गावात लावणीला माणूस चिखलात अनवाणीच उतरतो. पायात काटा मोडला तर काढून टाकायचा आणि पुढची मूठ लावायला घ्यायची. क्वचित त्या काट्याबरोबर मातीतली बुरशी आत शिरते. पाय फारसा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही. मग तो सुजतो, टणक होतो, त्याला तोंडं पडतात आणि पट्टीवर खसखशीएवढे काळे दाणे दिसू लागतात.

या दुखण्याला मायसेटोमा हे नाव मुंबईतल्या डॉक्टरानं दिलं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर 1858 साली मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी हे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ते बुरशीचे असल्याचं मांडलं. 1874 साली त्यावर त्यांचं पुस्तकही निघालं. कारण कळलं, पण उपाय तोच राहिला: पाय कापायचा.

खोलवर गेलेल्या बुरशीवर पहिलं जोरकस औषध 1950च्या दशकात आलं, अँफोटेरिसिन बी. ते शिरेतून द्यावं लागे. हुडहुडी भरे, मूत्रपिंडांना इजा होई. तोंडावाटे दिलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नसे.

नेमकी हीच अडचण पिंपरीत सुटेल असं वाटलं होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना ‘स्ट्रेप्टोमायसीस पिम्प्रिना’ या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळालं. 1961 साली ते जाहीर झालं. औषध अँफोटेरिसिनच्याच कुळातलं. अमेरिकेत त्याची अतिसूक्ष्म पूड करून ते रुग्णांना तोंडावाटे देऊन पाहिलं गेलं. अँफोटेरिसिनची जागा ते घेऊ शकलं नाही. तरी पिंपरीचं नाव लागलेला हा सूक्ष्मजीव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

पोटातून घ्यायची वाट पुढे वेगळ्याच कुळानं मोकळी केली. बेल्जियमच्या जान्सेनचं केटोकोनॅझोल 1981 साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा यकृताला त्रास होई, म्हणून पुढे इट्राकोनॅझोलनं त्याची जागा घेतली. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आम्लपित्ताच्या गोळीबरोबर नाही, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. मायसेटोमात हा उपचार महिनोन्‌महिने चालतो, यकृताची तपासणी करत राहावं लागतं, काहींना शस्त्रक्रियाही लागते. आणि गोळी सुरू करण्याआधी दाणा तपासून घ्यावाच लागतो; असाच पाय जिवाणूंमुळेही सुजतो आणि त्यावर बुरशीचं औषध चालत नाही.